ओके (शब्द)

'ओके' हा मूळचा अमेरिकी इंग्रजीतील शब्द आहे. संमती, स्वीकृती, पोच, समाधान किंवा 'जेमतेम बरे' असा भाव व्यक्त करण्यासाठी तो वापरतात. इंग्रजी वर्णमालेतील 'ओ' आणि 'के' या दोन अक्षरांपासून तो तयार झाला असून जगातील अनेक भाषांनी तो जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला आहे. मराठीतही बोलण्यात, पत्रव्यवहारात, कारखान्यांत, चित्रीकरणाच्या ठिकाणी आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांत तो सर्रास आढळतो. या शब्दाचा पहिला ज्ञात छापील पुरावा २३ मार्च १८३९ रोजीच्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या अमेरिकी वृत्तपत्रातील आहे.

'मी ऐकले' आणि 'मला मान्य आहे' या दोन निराळ्या गोष्टी हा एकच शब्द सांगतो. रोजच्या बोलण्यात त्यामुळे फारसे बिघडत नाही. मात्र विमानवाहतूक, वैद्यकीय उपचार, करार आणि अध्यापन अशा क्षेत्रांत ही संदिग्धता घातक ठरू शकते.

लेखन व उच्चार

इंग्रजीत हा शब्द चार प्रकारे लिहिला जातो : दोन मोठी अक्षरे, पूर्णविराम दिलेली दोन मोठी अक्षरे, दोन लहान अक्षरे आणि उच्चारानुसार चार अक्षरे. यांपैकी अक्षरांचे रूप आधीचे असून चार अक्षरी रूप नंतर रूढ झाले. इंग्रजी उच्चारात आघात दुसऱ्या अवयवावर पडतो आणि दोन्ही स्वर किंचित घसरते असतात. मराठीत मात्र 'ओ' आणि 'ए' हे स्वर शुद्ध व दीर्घ उच्चारले जातात. जोर देऊन बोलताना 'क' चे द्वित्व होऊन 'ओक्के' असे रूप ऐकू येते. मराठी लेखनात 'ओके' हे रूप सर्वाधिक प्रचलित आहे, 'ओ. के.' असे रूपही आढळते.

व्युत्पत्ती

बॉस्टनमधील संक्षेपांची लाट

१८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टन व न्यूयॉर्क येथील वृत्तपत्रांत शब्दांचे विनोदी संक्षेप वापरण्याची हौस पसरली होती. पुढे मूळ शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्या अशुद्ध लेखनाचा संक्षेप करण्याची चालही पडली. इंग्रजीत 'ऑल करेक्ट' म्हणजे 'सर्व बरोबर'. यातील पहिला शब्द 'ए' या अक्षराने आणि दुसरा 'सी' या अक्षराने सुरू होतो. विनोदासाठी ते अनुक्रमे 'ओ' आणि 'के' या अक्षरांनी सुरू करून लिहिले गेले आणि त्यांचा संक्षेप 'ओ. के.' असा झाला. एखाद्याने मराठीत 'सर्व ठीक' ऐवजी मुद्दाम 'शर्व थीक' लिहावे आणि त्याचे 'श. थी.' करावे, तसाच हा प्रकार होता. ज्या संक्षेपाचा अर्थ 'सर्व बरोबर', त्याचे एकही अक्षर बरोबर नाही, हीच त्यातील गंमत होती.

२३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' मध्ये संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी दुसऱ्या एका वृत्तपत्राची थट्टा करणारा मजकूर छापला. त्यात 'ओ. के.' हा संक्षेप आला असून त्याचा अर्थही सोबत दिलेला आहे. अर्थ द्यावा लागला, यावरून वाचकांना हा संक्षेप तोवर फारसा परिचित नसावा असे अनुमान निघते. याच लाटेत 'ऑल राइट' साठी 'ओ. डब्ल्यू.' आणि 'नो गो' साठी 'के. जी.' असे संक्षेपही निघाले होते. ते काळाच्या ओघात नाहीसे झाले आणि 'ओके' तेवढा टिकला.

१८४० ची निवडणूक

'ओके' टिकून राहण्यास अमेरिकेच्या अध्यक्षपदाची १८४० ची निवडणूक मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. तत्कालीन अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उमेदवार होते. न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुक हे त्यांचे जन्मगाव असल्याने त्यांना 'ओल्ड किंडरहुक' असे टोपणनाव मिळाले होते. या नावाची आद्याक्षरेही 'ओ' आणि 'के' हीच. त्यांच्या समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये 'ओ. के. क्लब' स्थापन केला आणि ही अक्षरे घोषणेसारखी वापरली. त्यामुळे 'आमचा उमेदवार' आणि 'सर्व बरोबर' हे दोन्ही अर्थ एकाच घोषणेत आले.

विरोधकांनी याच अक्षरांचे उपहासात्मक अर्थ लावले. माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नसल्याने तेच कागदपत्रांवर 'ओ. के.' लिहीत असत, अशी आख्यायिकाही याच काळात पसरवण्यात आली. निवडणुकीत व्हॅन ब्युरेन पराभूत झाले आणि विल्यम हेन्री हॅरिसन निवडून आले. पण प्रचाराच्या धामधुमीत हा शब्द देशभर पोचला होता.

हा सर्व इतिहास कोलंबिया विद्यापीठातील भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड (१९०६–२००२) यांनी उजेडात आणला. १९४१ मध्ये त्यांनी निवडणुकीशी असलेला संबंध दाखवला. पुढे १९६३–६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातील लेखमालेत जुन्या वृत्तपत्रांतील नोंदींच्या आधारे त्यांनी या शब्दाचा माग १८३९ पर्यंत नेला. आजचे प्रमुख इंग्रजी शब्दकोश हीच व्युत्पत्ती मान्य करतात.

अन्य मते

रीड यांच्या आधी आणि नंतरही 'ओके' च्या अनेक व्युत्पत्ती सुचवल्या गेल्या. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे आहेत.

• चोक्टॉ : अमेरिकेतील चोक्टॉ या मूलनिवासी लोकांच्या भाषेत 'ओके' शी मिळताजुळता शब्द आहे. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन (कार्यकाळ १९१३–१९२१) हे मत खरे मानत आणि कागदपत्रांवर त्या शब्दाचेच स्पेलिंग लिहीत.
• वोलोफ : पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेत होकारदर्शक 'वाव के' असा प्रयोग आहे. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांकडून तो इंग्रजीत आला असावा, असे मत डेव्हिड डॅल्बी यांनी मांडले.
• ग्रीक : ग्रीक भाषेत 'ओला काला' म्हणजे 'सारे छान'. त्याची आद्याक्षरेही जुळतात.
• स्कॉट्स : 'होय' या अर्थाच्या 'ऑख आय' या उद्गाराशी ध्वनिसाम्य आहे.

केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, हे तत्त्व समजून घेण्यासाठी 'ओके' चे उदाहरण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडते. दोन अवयवांचा, सोप्या ध्वनींचा शब्द कोणत्याही भाषेत योगायोगाने सापडू शकतो. व्युत्पत्ती ठरवताना तो शब्द कोणत्या काळी, कोणत्या लोकांच्या तोंडी आणि कोणत्या अर्थाने होता, याचा लेखी पुरावा पाहावा लागतो. १८३९–४० च्या वृत्तपत्रांत असा सलग पुरावा मिळतो.

प्रसार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारायंत्र आणि रेल्वे यांच्या कामकाजात संदेश मिळाल्याची पोच देण्यासाठी 'ओके' रूढ झाला. दोनच अक्षरे पाठवावी लागत असल्याने तो तारेसाठी सोयीचा होता. हिशेब आणि कागदपत्रे तपासल्याची खूण म्हणूनही तो लिहिला जाऊ लागला. विसाव्या शतकात अमेरिकी चित्रपट, महायुद्धांच्या निमित्ताने देशोदेशी गेलेले अमेरिकी सैनिक आणि पुढे दूरचित्रवाणी यांच्यामार्फत तो जगभर पसरला.

१९६१ मध्ये ॲलन शेपर्ड यांनी अवकाशात झेप घेतली, तेव्हा नासाचे प्रवक्ते जॉन पॉवर्स यांनी वार्ताहरांना माहिती देताना 'ए-ओके' असा प्रयोग केला आणि तो लोकप्रिय झाला. ॲलन मेटकाफ यांनी २०१० मध्ये या शब्दाच्या इतिहासावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले.

अर्थ व व्याकरणिक कार्ये

'ओके' एकाच रूपात अनेक शब्दजातींचे काम करतो.

१. विशेषण : 'ठीक, सुस्थितीत, समाधानकारक' या अर्थाने. उदा. 'गाडी ओके आहे.' मात्र कौतुकाची अपेक्षा असताना हाच शब्द 'बेताचा' असा अर्थ देतो. 'नाटक कसे वाटले?' या प्रश्नाला 'ओके होते' असे उत्तर आले, तर ते फारसे आवडले नाही असे समजावे.
२. क्रियाविशेषण : 'बऱ्यापैकी, अडचण न येता' या अर्थाने. उदा. 'यंत्र ओके चालते आहे.'
३. नाम : 'मंजुरी' या अर्थाने. उदा. 'वरिष्ठांचा ओके मिळाल्यावर काम सुरू करू.'
४. क्रियापद : इंग्रजीत 'मंजूर करणे' या अर्थाने त्याला थेट क्रियापदाचे प्रत्यय लागतात. मराठीत 'करणे', 'होणे', 'देणे' या क्रियापदांची जोड द्यावी लागते.
५. केवलप्रयोगी अव्यय : संमती दर्शवणारा उद्गार. मराठी व्याकरणात 'ठीक', 'बराय', 'हां', 'जी', 'अच्छा' ही संमतिदर्शक केवलप्रयोगी अव्यये मानली जातात. मराठीतील 'ओके' चे हे कार्य याच गटात बसते.
६. संभाषणातील दुवा : विषय बदलणे, बोलणे आवरते घेणे किंवा समोरच्याचे लक्ष वेधणे. शिक्षक तासाच्या आरंभी 'ओके, पुस्तके उघडा' म्हणतात, तेव्हा कोणत्याही प्रश्नाला होकार दिलेला नसतो. मराठीतील 'बरं' हेच काम करते. उदा. 'बरं, निघतो आता.'
७. प्रश्न : वाक्याच्या शेवटी चढत्या सुरात आल्यास 'समजले ना?' किंवा 'चालेल ना?' असा अर्थ होतो.

शब्द तोच असला तरी अर्थ पुष्कळदा स्वरावर अवलंबून असतो. झटकन उच्चारलेला 'ओके' तत्पर होकार सांगतो, लांबवलेला 'ओकेऽऽ' शंका किंवा नाराजी सांगतो. लेखी संदेशात हा सूर नाहीसा होतो. त्यामुळे भ्रमणध्वनीवरील एकाक्षरी 'के' किंवा नुसता 'ओके' वाचणाऱ्याला रुक्ष वाटण्याची शक्यता असते, जरी लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नसले तरी.

संदिग्धता : पोच आणि संमती

'ओके' ची उत्तरे देताना तीन पायऱ्या एकमेकींत मिसळतात : ऐकले, समजले आणि मान्य केले. मराठीत 'ऐकलं', 'कळलं' आणि 'मान्य' असे तीन वेगळे शब्द सहज उपलब्ध आहेत. 'ओके' म्हटल्यावर यांपैकी नेमके काय झाले, हे ऐकणाऱ्याला संदर्भावरूनच ताडावे लागते.

तेनेरीफ विमान दुर्घटना

या संदिग्धतेचे सर्वांत गंभीर उदाहरण २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथील लॉस रोदेओस विमानतळावर घडले. दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमच्या सहवैमानिकाने आपण आता उड्डाणाच्या स्थितीत आहोत, अशा आशयाचा, दोन अर्थ निघतील असा संदेश पाठवला. नियंत्रकाने आरंभी 'ओके' म्हटले आणि थोड्या अवकाशाने 'उड्डाणासाठी थांबा, मी सांगेन' असे सांगितले. त्याच क्षणी पॅन ॲमच्या विमानातूनही आपण अद्याप धावपट्टीवर असल्याचा संदेश गेला. दोन्ही संदेश एकाच लहरीवर आदळल्याने केएलएमच्या वैमानिककक्षात कर्कश आवाज आला आणि स्पष्टपणे ऐकू आला तो 'ओके' एवढाच शब्द.

केएलएमचे विमान तोवर धावू लागले होते. ते पॅन ॲमच्या विमानावर आदळले. या दुर्घटनेत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेले ६१ जण पॅन ॲमच्या विमानातील होते. दुर्घटनेला धुके, वेळेचा ताण, वैमानिककक्षातील अधिकाराची उतरंड अशी अनेक कारणे होती आणि एका शब्दावर सारा दोष ठेवता येत नाही. तथापि प्रमाणित नसलेली भाषा हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण मानले गेले.

त्यानंतर विमानवाहतुकीतील संभाषणाचे नियम अधिक काटेकोर झाले. उड्डाण या अर्थाचा ठराविक शब्द केवळ प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी 'प्रस्थान' या अर्थाचा शब्द योजावा, असे ठरले. महत्त्वाची सूचना मिळाल्यावर नुसते 'ओके' न म्हणता ती सूचना शब्दशः परत उच्चारण्याच्या पद्धतीवर भर देण्यात आला. विमानवाहतुकीत 'रॉजर' म्हणजे संदेश मिळाला, 'विल्को' म्हणजे मिळाला व त्याप्रमाणे करतो, आणि 'अफर्म' म्हणजे होय, असे प्रत्येक शब्दाचे काम वाटून दिलेले आहे.

करार, उपचार व अध्यापन

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३ नुसार दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हा त्यांनी संमती दिली असे म्हणतात. एकाने 'निरोप मिळाला' या अर्थाने आणि दुसऱ्याने 'व्यवहार पक्का' या अर्थाने 'ओके' घेतला, तर तंट्याला वाट मिळते. म्हणून व्यवहाराच्या पत्रव्यवहारात काय मान्य केले ते वाक्यात लिहिणे इष्ट असते.

वैद्यकीय उपचारांतही रुग्णाने मान डोलावून 'ओके' म्हणणे आणि त्याला उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय कळणे या भिन्न बाबी आहेत. डॉक्टरांपुढे संकोचलेला रुग्ण पुष्कळदा केवळ आदरापोटी होकार देतो. सांगितलेले रुग्णाच्याच शब्दांत पुन्हा सांगायला लावणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे. वर्गातही 'ओके?' या प्रश्नाला एकसुरात मिळणारा 'ओके' हा समजल्याचा पुरावा नसतो. एखाद्या विद्यार्थ्याला फळ्यावर उदाहरण सोडवायला सांगितल्यावरच खरी स्थिती कळते.

हस्तसंकेत

अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवून वर्तुळ करणे आणि उरलेली तीन बोटे उभी ठेवणे, हा 'ओके' चा हस्तसंकेत आहे. पाण्याखाली पोहणारे पाणबुडे 'मी ठीक आहे' हे सांगण्यासाठी तो वापरतात. तेथे अंगठा वर करण्याचा अर्थ 'वर चला' असा असल्याने दोन्ही खुणांची गल्लत करून चालत नाही.

या खुणेचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. जपानमध्ये तिने पैशाचा बोध होतो, फ्रान्समध्ये 'शून्य' असा अर्थ होऊ शकतो, तर ब्राझीलमध्ये ती अश्लील मानली जाते. अमेरिकेत २०१७ च्या सुमारास इंटरनेटवरील एका खोडसाळ मोहिमेतून तिचा संबंध वर्णवर्चस्ववादाशी जोडला गेला आणि पुढे काही वर्णवर्चस्ववाद्यांनी ती खरोखरच वापरली. २०१९ मध्ये 'अँटी-डिफमेशन लीग' या संस्थेने द्वेषचिन्हांच्या आपल्या सूचीत तिचा समावेश केला. मात्र बहुतेक वेळा ही खूण निरुपद्रवी अर्थानेच केली जाते, हेही स्पष्ट केले. भारतीय मूर्तिकलेतील व योगसाधनेतील चिन्मुद्रा बाह्यतः अशीच दिसते, परंतु तिचा 'ओके' शी काही संबंध नाही.

संगणकातील वापर

संगणकाच्या पडद्यावरील सूचनाचौकटीत 'ओके' व 'रद्द करा' अशी बटणे असतात. ॲपल कंपनीचा 'लिसा' हा संगणक (१९८३) तयार होत असताना होकाराच्या बटणावर आधी 'डू इट' असे शब्द होते. त्यांतील मोठा 'आय' लहान 'एल' सारखा दिसल्याने चाचणीत काहींनी ते 'डोल्ट', म्हणजे 'मूर्ख', असे वाचले. म्हणून त्याजागी 'ओके' आला, अशी हकीकत त्या काळच्या तंत्रज्ञांनी नोंदवली आहे. पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. मजकूर न वाचता 'ओके' दाबण्याची सवय हा तिचा दुष्परिणाम होय. फसव्या दुव्यांतून होणाऱ्या आर्थिक गुन्ह्यांत या सवयीचा गैरफायदा घेतला जातो.

मराठीतील वापर

मराठीत 'ओके करणे' (मंजूर करणे, तपासून पास करणे), 'ओके होणे' (दुरुस्त होणे, मान्यता मिळणे), 'ओके देणे' (परवानगी देणे) आणि 'एकदम ओके' (उत्तम) असे प्रयोग रूढ आहेत. 'सगळं ओकेमध्ये आहे' या बोलीतील प्रयोगात शब्दाला नाम मानून 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय जोडलेले दिसते. असा प्रयोग इंग्रजीत नाही. तो मराठी भाषकांनी घडवलेला आहे. यंत्राच्या सुट्या भागांवर 'ओके' चा शिक्का असतो आणि चित्रीकरणात दिग्दर्शकाला मनासारखे दृश्य मिळाले की 'शॉट ओके' झाला असे म्हणतात. विमानाच्या कागदी तिकिटावर आसन निश्चित झाल्याची खूण म्हणूनही ही अक्षरे छापली जात.

मालमोटारींच्या मागे रंगवलेले 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द भारतीय रस्त्यांची ओळख बनले आहेत. त्यांतील 'ओके' विषयी दुसऱ्या महायुद्धातील इंधनटंचाईपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. या शब्दांमुळे विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते आणि ध्वनिप्रदूषण वाढते, या कारणास्तव २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने व्यावसायिक वाहनांवर ते लिहिण्यास मनाई केली.

२०२२ मध्ये महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या काळात सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचे दूरध्वनीवरील संभाषण प्रसृत झाले. त्यातील 'ओक्के' हा ग्रामीण ढंगाचा उच्चार सर्वतोमुखी झाला आणि त्यानंतर राजकीय घोषणांतही हा शब्द वापरला गेला. १८४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जे घडले, त्याच्याशी हे साम्य लक्षणीय आहे.

मराठी पर्याय

'ओके' ला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. प्रसंगानुसार निरनिराळे शब्द योजता येतात.

• निरोप मिळाल्याची पोच : 'कळलं', 'मिळालं', 'हां'
• मनापासून होकार : 'हो', 'नक्की', 'जरूर'
• तडजोडीचा होकार : 'चालेल', 'हरकत नाही'
• वडीलधाऱ्यांना उत्तर : 'जी', 'बरं', 'हो, करतो'
• औपचारिक मान्यता : 'मान्य', 'मंजूर', 'संमत'
• स्थितीचे वर्णन : 'ठीक', 'बरा', 'सुस्थितीत'
• बेताची पसंती : 'बरं होतं', 'ठीकठाक'
• विषयांतर : 'बरं', 'तर मग'

'चालेल' आणि 'मान्य' यांतील अंतर 'ओके' मध्ये पुसले जाते. पहिल्यात बोलणारा आपली थोडी नाखुशी राखून ठेवतो. दुसऱ्यात जबाबदारी स्वीकारतो. वडीलधाऱ्या व्यक्तीला किंवा अपरिचिताला नुसता 'ओके' म्हणणे काही घरांत अजूनही उद्धटपणाचे समजले जाते, तर मित्रमंडळींत तोच शब्द मोकळेपणाचा वाटतो. औपचारिक मराठी लेखनात, विशेषतः अर्ज, इतिवृत्त व करारपत्र यांत, 'ओके' टाळून नेमका शब्द वापरण्याचा संकेत आहे.